बल कोणाचं, कोणावर?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांपैकी बरीचशी बलांबद्दल आहेत. न्यूटनचे तिन्ही नियम विद्यार्थ्यांना पाठ असतात, गणितंही सुटतात. अडतं ते त्याच्या आधीच्या पायरीवर: समोरच्या वस्तूवर नेमकी कोणकोणती बलं आहेत हेच ठरत नाही. आकृतीत बल दाखवणारा एखादा बाण राहून जातो किंवा एखादा उगाच काढला जातो, आणि पुढची आकडेमोड बिनचूक करूनही उत्तर चुकतं. खालच्या सगळ्या उत्तरांत एकच कसोटी वापरली आहे. काढलेल्या प्रत्येक बाणापाशी ‘कोणाचं, कोणावर’ हे लिहायचं. बल देणारी वस्तू सांगता आली नाही, तर तो बाण खोडायचा. गुरुत्वत्वरण सगळीकडे ९.८ मी/से² धरलं आहे.

प्रश्न : टेबलावर ठेवलेल्या पुस्तकावर वजन खाली आणि टेबलाचं अभिलंब (पृष्ठभागाला काटकोनात ढकलणारं) बल वर, दोन्ही सारखी. ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी आहे असं मी लिहिलं, तर गुण कापले. दोन्ही समान आहेत, विरुद्ध दिशेला आहेत, मग चुकलं कुठे?
(नववीची विद्यार्थिनी, कराड)

उत्तर : गुण कापले ते योग्यच झालं. समान आणि विरुद्ध असणं एवढ्यावर जोडी ठरत नाही. तिसऱ्या नियमातली दोन बलं नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असतात. तू लिहिलेली दोन्ही एकाच पुस्तकावर आहेत.

पुस्तक ४०० ग्रॅमचं आहे असं धर. पृथ्वी त्याला ३.९ न्यूटन बलाने खाली ओढते. या बलाचा जोडीदार म्हणजे पुस्तक पृथ्वीला तेवढ्याच बलाने वर ओढतं, तो. टेबल पुस्तकाला वर ढकलतं, त्याचा जोडीदार म्हणजे पुस्तक टेबलाला खाली दाबतं, तो. एकूण चार बलं, दोन जोड्या. त्यांतली पुस्तकावरची दोनच पुस्तकाच्या आकृतीत येतात. उरलेली दोन पृथ्वीच्या आणि टेबलाच्या आकृतीत जातात.

पटत नसेल तर पुस्तकावर हाताने १० न्यूटनचा दाब दे. एक लिटर पाण्याची भरलेली बाटली ठेवली की साधारण तेवढा दाब येतो. आता टेबलाचं अभिलंब बल १३.९ न्यूटन होईल, पण वजन ३.९ न्यूटनच राहील. ही खरी जोडी असती तर एक बदलल्यावर दुसरंही बदललं असतं, कारण तिसऱ्या नियमातली बलं कोणत्याही परिस्थितीत, वस्तू स्थिर असो वा वेग घेत असो, समान राहतात. वजन आणि अभिलंब बल समान असतात ते पुस्तक स्थिर असतं आणि तिसरं कोणी त्याला दाबत किंवा उचलत नसतं तेव्हाच. ते संतुलित बलांचं उदाहरण आहे, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या नियमाचं.

तुझ्या पत्रात शेवटी आणखी एक ओळ आहे: ‘टेबल निर्जीव आहे, ते ढकलेल कसं?’ हा प्रश्न फार चांगला आहे, आणि बहुतेक वर्गांत तो विचारायचा राहून जातो. दोन पुस्तकांच्या मध्ये प्लॅस्टिकची फूटपट्टी आडवी ठेव आणि तिच्या मधोमध खोडरबर ठेव. पट्टी वाकते. खोडरबराऐवजी पाण्याची छोटी बाटली ठेवली तर जास्त वाकते. जेवढी वाकते तेवढी ती परत सरळ होऊ पाहते आणि वरच्या वस्तूला ढकलते. टेबलाचंही असंच होतं, फक्त त्याचं वाकणं डोळ्यांना दिसत नाही. ते दिसावं म्हणून टेबलाच्या मध्यावर एक लहान आरसा ठेव, लेझर पॉइंटरचा झोत त्यावर तिरपा पाड आणि परावर्तित ठिपका पाचसहा मीटर लांबच्या भिंतीवर घे. पॉइंटर हातात न धरता दुसऱ्या स्टुलावर घट्ट बसवायचा. आता आरशापासून वीतभर अंतरावर टेबल हाताने दाबलंस की भिंतीवरचा ठिपका सरकतो. झोत कोणाच्याही डोळ्यांत जाणार नाही हे आधी पाहा, आणि हा प्रयोग मोठ्यांच्या देखत कर.

प्रश्न : पुस्तकावर हवेचाही दाब असतो, तरी तो आकृतीत का दाखवत नाहीत?
(अकरावीचा विद्यार्थी, अमरावती)

उत्तर : दाखवत नाहीत, कारण तो दोन्हीकडून असतो. २० सेमी × २५ सेमी मापाच्या पुस्तकाच्या वरच्या बाजूवर हवा सुमारे ५,००० न्यूटन बलाने खाली दाबते. पण पुस्तक आणि टेबल यांच्यामधल्या बारीक फटीतही हवा असते आणि ती जवळजवळ तेवढ्याच बलाने वर ढकलते. उरतो तो हवेचा प्लावक परिणाम, म्हणजे वस्तूला वर उचलू पाहणारं बल. अर्ध्या लिटर आकारमानाच्या पुस्तकासाठी तो सुमारे ०.००६ न्यूटन, म्हणजे वजनापुढे काहीच नाही.

खालची हवा काढून टाकली की मात्र चित्र पालटतं. बाथरूमच्या टाइलवर चिकटवायचा रबरी वाटीचा हुक पाहा. त्यावर चार बलं आहेत: पृथ्वीचं खाली (टॉवेलचा भार धरून), बाहेरच्या हवेचं भिंतीकडे, टाइलचं अभिलंब बल भिंतीपासून बाहेर, आणि टाइलचं घर्षण वर. टॉवेल पेलतं ते घर्षण. हवेचं बल आडवं आहे, ते थेट काहीच उचलत नाही. हवा वाटीला टाइलवर दाबते, त्यामुळे अभिलंब बल मिळतं, आणि अभिलंब बल आहे म्हणून घर्षणाला वाव मिळतो.

६ सेमी व्यासाच्या वाटीत पूर्ण निर्वात झाला तर हवा तिला सुमारे २८५ न्यूटन बलाने दाबेल. प्रत्यक्षात थोडी हवा आत राहतेच. दाबाचा फरक निम्मा धरला तर १४० न्यूटन. कोरड्या टाइलवर घर्षणांक (घर्षणाची कमाल मर्यादा भागिले अभिलंब बल) ०.५ असेल तर घर्षण जास्तीत जास्त ७० न्यूटन, म्हणजे ७ किलोचा भार. टाइलवर साबणाचा थर राहून घर्षणांक ०.१ झाला, तर तोच हुक दीड किलोलाही घसरेल. हुक संध्याकाळी नीट असतो आणि रात्रीतून पडतो, कारण कडेतून हवा हळूहळू आत शिरते, अभिलंब बल कमी होत जातं आणि त्याबरोबर घर्षणाची मर्यादाही खाली येते. दोन टाइलांमधल्या सांध्यावर वाटी कधीच लावू नका. आणि भार हुकाच्या टोकाला अडकवण्यापेक्षा भिंतीच्या जवळ अडकवा. टोकाला अडकवला की वाटीची वरची कड उचकटली जाते.

प्रश्न : चेंडू वर फेकला की तो वर जातो, म्हणजे वजनापेक्षा मोठं बल त्याला वर नेत असणार. ते संपत जातं, सर्वांत वर गेल्यावर शून्य होतं, आणि मग चेंडू पडतो. हे बरोबर आहे का?
(क्रिकेटप्रेमी वाचक, सोलापूर)

उत्तर : नाही. पण या समजुतीचा पगडा इतका घट्ट आहे की हे उत्तर जरा सविस्तर द्यावं लागेल.

कसोटी लावा. चेंडू हातातून सुटला आहे. आता त्याला स्पर्श कोणाचा? फक्त हवेचा. स्पर्शाशिवाय ओढणारी कोण? पृथ्वी. तिसरं कोणी नाही. ‘वर नेणारं बल’ देणारी वस्तू सापडत नाही, म्हणून तो बाण खोडायचा. हाताचं बल होतं, आणि चांगलं मोठं होतं. १६० ग्रॅमचा चेंडू हाताने १ मीटर अंतरात २० मी/से वेगापर्यंत नेला, तर त्याला २०० मी/से² त्वरण द्यावं लागतं आणि हात त्यावर सुमारे ३४ न्यूटन बल लावतो. बोटांचा स्पर्श सुटला त्या क्षणी हे बल शून्य झालं. चेंडूबरोबर गेला तो वेग. बल सोबत नेता येत नाही.

सुटल्यानंतर चेंडूवर वजन १.५७ न्यूटन खाली. सुरुवातीला २० मी/से वेग असताना हवेचा रोध सुमारे ०.४ न्यूटन, तोही खाली, कारण तो गतीच्या उलट असतो. एकूण सुमारे २ न्यूटन, दोन्ही खाली. वेग घटतो तसा रोध घटतो. सर्वांत वरच्या बिंदूवर वेग शून्य, रोध शून्य, आणि बल एकच: १.५७ न्यूटन, खाली. त्या क्षणी चेंडूवर बल नाही असं लिहिणारे विद्यार्थी पुष्कळ भेटतात. बल खरोखर शून्य असतं तर चेंडू तिथेच अधांतरी राहिला असता. खाली येताना रोधाचा बाण वर वळतो, वजन तेवढंच राहतं.

‘वर नेणारं आणि संपत जाणारं’ असं काहीतरी वस्तूत भरलं जातं, ही कल्पना चौदाव्या शतकात पॅरिसच्या ज्याँ बुरिदाँ यांनी ‘इम्पेटस’ या नावाने नीट मांडली होती. न्यूटनचे नियम १६८७ मध्ये प्रसिद्ध झाले, पण मनातला इम्पेटस अजून गेलेला नाही. डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ‘फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी’ ही बहुपर्यायी चाचणी प्रसिद्ध केली, तिच्यातले कितीतरी चुकीचे पर्याय मुद्दाम याच समजुतीवरून घेतलेले आहेत. भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केलेले विद्यार्थीही ते पर्याय निवडतात. तेव्हा तुम्ही एकटे नाही.

प्रश्न : लोखंडी कपाट सरकवताना आधी हलतच नाही, मग एकदम पुढे जातं. जास्त जोर लावला तर कलंडतं. घर्षण म्हणजे घर्षणांक गुणिले वजन असं शिकलो होतो. ते आकडे इथे का जुळत नाहीत?
(वाचक, नाशिक)

उत्तर : जुळतील, पण ते सूत्र फक्त कमाल मर्यादा सांगतं. आणि त्यात वजनाच्या जागी अभिलंब बल हवं.

कपाट ८० किलोचं, म्हणजे वजन ७८४ न्यूटन. स्थितिक (वस्तू स्थिर असतानाचा) घर्षणांक ०.४ आणि गतिक (सरकत असतानाचा) ०.३ धरू. आडवं ढकलल्यास अभिलंब बलही ७८४ न्यूटनच, आणि स्थितिक घर्षणाची मर्यादा ३१४ न्यूटन. तुम्ही १०० न्यूटन लावले तर घर्षण १०० न्यूटनच असतं. ३१४ असतं तर कपाट तुमच्याच अंगावर आलं असतं. कोणीच ढकलत नसेल तेव्हा घर्षण शून्य. जोर वाढतो तसं ते वाढत जातं, आणि ३१४ च्या पुढे कपाट सुटतं. सुटल्याबरोबर घर्षण २३५ न्यूटनवर उतरतं, तुमचा जोर मात्र अजून ३१४ चाच असतो. उरलेले ७९ न्यूटन ८० किलोला जवळपास १ मी/से² त्वरण देतात. तोच तो हिसका. कपाट हललं की जोर लगेच कमी करायचा तो यासाठी.

आता कलंडण्याचं. खोली (पुढून मागे) ५० सेमी आणि भार सारखा पसरलेला धरला, तर वजन पायांच्या पुढच्या कडेपासून २५ सेमी आत लागू पडतं. मागून ढकलताना ते कपाटाला खाली बसवू पाहतं आणि तुमचं बल त्याच कडेभोवती कलंडवू पाहतं. ७८४ × ०.२५ = १९६ न्यूटन-मीटर. जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर ढकललंत तर १६३ न्यूटनलाच कपाट कलंडेल, सरकायला लागणाऱ्या ३१४ च्या कितीतरी आधी. ३१४ न्यूटन लावायचेच असतील तर हात ६२ सेमीच्या खाली हवेत. रुंदी ९० सेमी असेल आणि त्या बाजूने ढकललंत, तर हीच मर्यादा १.१ मीटरपर्यंत वर जाते. म्हणून कपाट शक्य तेवढं रुंदीच्या दिशेने सरकवा. वरच्या कप्प्यांतलं सामान आधी काढा, पुस्तकं आणि भांडी वर असतील तर भार सारखा पसरलेला राहत नाही.

उभं राहून वरून तिरपं ढकलण्याचा मोह होतो, तो टाळा. जोर आडव्या रेषेपासून ३०° खाली झुकलेला असेल, तर त्याचा काही भाग कपाटाला जमिनीवर दाबतो, अभिलंब बल वाढतं आणि त्यासोबत घर्षणही. याच कपाटासाठी मग ३१४ ऐवजी सुमारे ४७० न्यूटन लागतात.

एक आकृती लोक काढतच नाहीत: ढकलणाऱ्याची. तुम्ही कपाटाला ३१४ न्यूटनने पुढे ढकलता, कपाट तुम्हाला तेवढ्याच बलाने मागे ढकलतं. तुम्हाला जागेवर ठेवतं ते तुमच्या पायांखालच्या फरशीचं घर्षण. तुमचं वस्तुमान ६० किलो असेल, तर पायाशी किमान ०.५३ घर्षणांक हवा. पायमोजे घालून गुळगुळीत फरशीवर तो मिळत नाही, आणि कपाटाऐवजी तुम्हीच घसरता. रबरी तळाचे बूट घाला.

प्रश्न : सायकल चालवताना रस्त्याचं घर्षण पुढे असतं की मागे?
(दहावीचा विद्यार्थी, लातूर)

उत्तर : पॅडल मारत असताना मागच्या चाकावर पुढे, पुढच्या चाकावर मागे. साखळी मागचं चाक फिरवते, टायरचा खालचा भाग रस्त्याला मागे ढकलू पाहतो, रस्ता त्याला पुढे ढकलतो. सायकलला पुढे नेणारं बाहेरचं बल हेच. पाय पॅडलला बल देतात, पण सायकल आणि स्वार मिळून एक वस्तू धरली तर ते आतलं बल ठरतं, आकृतीत येत नाही. पुढचं चाक साखळीला जोडलेलं नसतं, त्याला रस्ताच फिरवतो, म्हणून तिथे घर्षण मागे आणि अगदी थोडं. ब्रेक लावले की दोन्ही चाकांवर मागे. टायर घसरत नसेल तोवर हे सगळं स्थितिक घर्षण आहे, चाक फिरत असलं तरी: टेकलेल्या जागी टायर क्षणभर रस्त्यावर स्थिर असतो.

प्रश्न : घाटातल्या वळणावर एसटीत बसलेला माणूस बाहेरच्या बाजूला फेकला जातो. ते अपकेंद्री बल कोण देतं?
(शिक्षिका, चिपळूण)

उत्तर : कोणीच देत नाही, आणि म्हणूनच रस्त्यावर उभं राहून काढलेल्या आकृतीत त्याला जागा नाही. माणूस सरळ जाऊ पाहतो, बस वळते. त्याला बसबरोबर वळवायचं तर आतल्या बाजूला बल लागतं आणि ते बाकाच्या घर्षणातून मिळतं.

वळणाची त्रिज्या ३० मीटर, माणूस ६० किलोचा, वेग ताशी ३६ किमी म्हणजे १० मी/से धरा. लागणारं बल ६० × १०० ÷ ३० = २०० न्यूटन, आतल्या बाजूला. रेक्झिनच्या बाकावर घर्षणांक ०.४ धरला तर घर्षण जास्तीत जास्त २३५ न्यूटन देऊ शकतं. माणूस जागेवर राहतो. वेग ताशी ४० किमी झाला की २४७ न्यूटन लागतात, बाक तेवढं देऊ शकत नाही, आणि माणूस घसरत जाऊन खिडकीला किंवा शेजाऱ्याला टेकतो. आता कमी पडलेलं बल खिडकी देते, तेही आतल्या बाजूला. एकही बाण बाहेरच्या दिशेला नाही.

आकृतीत ‘अभिकेंद्री बल’ (वळणाच्या केंद्राकडचं बल) असा वेगळा बाणही काढू देऊ नका. घर्षण दाखवलं असेल तर अभिकेंद्री काम तेच करतं, दुसरा बाण म्हणजे एकच बल दोनदा मोजणं. बसमध्ये बसून गणित करायचं असेल, तर बाहेरच्या दिशेला छद्मबल, म्हणजे हिशेबापुरतं मानलेलं बल, घेता येतं. पण मग माणूस स्थिर आहे असं धरायचं. एकाच आकृतीत दोन्ही पद्धती मिसळल्या की उत्तर हमखास शून्य येतं किंवा दुप्पट.

प्रश्न : लिफ्टमध्ये वजनकाटा नेला तर वजन बदलतं असं मुलाने वाचलं. आम्ही करून पाहिलं, आकडा हललाच नाही.
(पालक, ठाणे)

उत्तर : घरातले बरेच डिजिटल काटे आकडा स्थिर झाला की तो धरून ठेवतात. लिफ्ट सुरू होण्याआधीच तुमचा आकडा गोठला असणार. स्प्रिंगचा, तबकडीवर काटा फिरणारा वजनकाटा न्या आणि तीनचार मजले सलग जा.

काटा दाखवतो ते तुमचं वजन नव्हे, काट्याचं तुमच्यावरचं अभिलंब बल. लिफ्ट १ मी/से² त्वरणाने वर निघाली, तर ६० किलोच्या माणसासाठी ते ६० × (९.८ + १) = ६४८ न्यूटन होतं आणि तबकडीवर ६६ किलो दिसतात. एकसमान वेगात परत ६०. वर जाऊन थांबताना त्वरण खाली असतं, म्हणून ५४ च्या आसपास. सगळा वेळ पृथ्वीची ओढ ५८८ न्यूटनच असते. फरक निघताना आणि थांबताना एकदोन सेकंदच दिसतो, त्यामुळे तबकडीचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या.

प्रश्न : मुलांच्या फ्री बॉडी डायग्राम (एकाच वस्तूवरची बलं दाखवणाऱ्या आकृत्या) तपासताना काय काय पाहावं? वर्गात करता येईल असा एखादा प्रयोगही सुचवा.
(विज्ञान शिक्षक, नांदेड)

उत्तर : आधी वस्तूभोवती तुटक रेषेचा वेढा काढायला लावा. वस्तू कोणती हेच न ठरवता बाण काढणं हे निम्म्या चुकांचं मूळ आहे. मग वेढ्यावरून पेन्सिल फिरवत, बाहेरचं काही जिथे जिथे टेकलंय तिथे ठिपका द्यायचा. घन पृष्ठभागाच्या ठिपक्यापाशी दोन बलं संभवतात: पृष्ठभागाला लंब ढकलणारं आणि पृष्ठभागाला समांतर घर्षण. दोरीच्या ठिपक्यापाशी एकच, आणि ते नेहमी ओढणारं, दोरी ढकलत नाही. द्रव असेल तर प्लावक बल, आणि वस्तू त्यात हलत असेल तर रोध. ठिपके संपले की स्पर्शाविना लागणारी बलं: पृथ्वी नेहमी, चुंबक किंवा विद्युतप्रभार असेल तरच.

तपासताना चार गोष्टींवर लाल पेन न्या. वस्तुमान गुणिले त्वरण हे वेगळं बल म्हणून काढलंय का? उतारावरच्या वजनाचे घटक काढले आणि मूळ वजनही ठेवलं, असं झालंय का? वस्तू दुसऱ्यावर लावते ते बल तिच्याच आकृतीत आलंय का? आणि अभिलंब बल उतारावरही सरळ वर काढलंय का? आमच्या मते आकृतीला वेगळे गुण द्यावेत, अंतिम उत्तर चुकलं तरी. नाहीतर मुलं आकृती शेवटी, उत्तराला शोभेल अशी काढतात.

प्रयोगासाठी आकडे शून्य करता येणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, स्प्रिंग बॅलन्स, पाण्याचं रुंद भांडं, दोरा आणि काळा दगड लागेल. दगड २८० ग्रॅमचा आणि आकारमान १०० मिली असेल असं धरू. भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. दगड स्प्रिंग बॅलन्सला टांगून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. स्प्रिंग बॅलन्स २८० वरून १८० ग्रॅमवर येतो. त्याच वेळी खालचा काटा १०० ग्रॅम दाखवतो. पाणी दगडाला ०.९८ न्यूटनने वर ढकलतं, दगड पाण्याला तेवढ्यानेच खाली. तिसऱ्या नियमातली जोडी, दोन वेगळ्या वस्तूंवर, दोन वेगळ्या उपकरणांवर एकाच वेळी मोजलेली. काटा किती दाखवेल हे आधी वहीत लिहून घ्या. शून्य, १००, १८० आणि २८० ही चारही उत्तरं वर्गात येतात आणि प्रत्येकामागचं कारण ऐकण्यासारखं असतं. नंतर दगड तळाला टेकवून दोरा सैल सोडा, काटा २८० दाखवेल. भांड्यातून पाणी सांडलं तर आकडे जुळणार नाहीत, म्हणून भांडं काठोकाठ भरू नका. दगडाला बुडबुडे चिकटले असतील तर ते झटकून टाका.

प्रश्न : विहिरीतून कप्पीवरून बादली ओढताना पाण्यात आहे तोवर ती हलकी लागते, बाहेर आली की एकदम जड. पाण्यात पाण्याला वजन नसतं का? आणि कप्पीचा हुक किती भाराचा घ्यावा?
(शेतकरी वाचक, बीड)

उत्तर : वजन असतंच. बादली लोखंडी, दीड किलोची, आणि आत १५ लिटर पाणी धरू. बादली आणि आतलं पाणी मिळून एक वस्तू मानली, तर पृथ्वी तिला सुमारे १६२ न्यूटनने खाली ओढते. पूर्ण बुडालेली असताना बाहेरचं पाणी तिला सुमारे १४९ न्यूटनने वर ढकलतं. दोरीला १३ न्यूटनच पेलावे लागतात. बादली पाण्याबाहेर येऊ लागते तसं प्लावक बल कमी होत जातं, आणि पूर्ण बाहेर आल्यावर सगळे १६२ न्यूटन दोरीवर येतात.

हुकाचा हिशेब करताना कप्पीभोवती वेढा काढा. तिला दोरी दोन ठिकाणी खाली ओढते: एक बाजू बादलीची, एक तुमच्या हाताची. तुम्ही दोरी सरळ खाली ओढत असाल तर हुकावर १६२ च्या दुप्पट, म्हणजे सुमारे ३२४ न्यूटन येतात, वर कप्पीचं स्वतःचं वजन वेगळं. जोराने उचलताना बादलीला २ मी/से² त्वरण दिलंत, तर दोरीचा ताण १९५ आणि हुकावरचा भार ३९० न्यूटन होतो, म्हणजे सुमारे ४० किलो. कप्पी गंजलेली असेल तर हाताकडच्या दोरीत ताण आणखी वाढतो. आणि सैल पडलेली दोरी अचानक ताणली गेली तर बसणारा झटका याहून बराच मोठा असतो. बादली १५ लिटरची आहे म्हणून २० किलोचा हुक पुरेल असा हिशेब करू नका. १०० किलो भारक्षमता लिहिलेला घ्या, आणि तो ज्या तुळईला अडकवणार ती तुळईही तेवढा भार पेलते का ते पाहा.